टेलिकॉममध्ये करिअर करायचंय? घाबरू नका, काळजी घेणारे भरपूर आहेत

यंदाच्या अप्रेझलमध्ये साहेबांनी माझ्या नावापुढे शेरा मारलाय : 'फील्डचा अनुभव कमी.' वाचून डोळे उघडले. या क्षेत्रात पाऊल ठेवणाऱ्या मुलींचे वेळेवर उघडावेत म्हणून हे चार सल्ले. फुकट आहेत, घ्या.

फोन उचलल्यावर समोरचा म्हणेल, "मॅडम, जरा इंजिनिअरला द्या ना." द्या. शेजारच्या ट्रेनीला द्या. तो रिसीव्हरवर हात ठेवून तुम्हाला विचारेल, तुम्ही हळूच उत्तर सांगा. ग्राहक खूश.

मीटिंगला वही न्या. मिनिट्स तुम्हालाच लिहायचे आहेत.

कुणी स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल (नेटवर्कमध्ये डेटा गोल गोल फिरत राहू नये म्हणूनचा नियम) समजावून सांगायला लागलं तर मान डोलवा. तो रेडिया पर्लमन या बाईंनी १९८५ साली तयार केला, हे मध्येच सांगून त्याचा सूर बिघडवू नका.

बाळंतपणाचं नियोजन चोख हवं. बेल लॅब्जमधल्या एर्ना हूव्हर दुसऱ्या मुलीच्या जन्मानंतर हॉस्पिटलात होत्या, तेव्हा पडल्या पडल्या त्यांनी संगणकावर चालणाऱ्या टेलिफोन एक्स्चेंजचे आराखडे काढले. कॉल्सचा लोंढा आला तरी एक्स्चेंज कोलमडू नये, ही त्यामागची कल्पना. १९७१ मध्ये पेटंट मिळालं. तेव्हा तुम्हीही रजेत निदान एक पेटंट काढाच, नाहीतर परत आल्यावर 'गॅप पडलाय' असं ऐकून घ्यावं लागेल. (काढलंत तरी ऐकावं लागेल, पण तो वेगळा विषय.)

दिसायला बऱ्या असाल तर मात्र अवघड आहे. हेडी लमार यांना संगीतकार जॉर्ज अँथाइल यांच्यासोबत १९४२ मध्ये फ्रिक्वेन्सी हॉपिंगचं पेटंट मिळालं. टॉर्पेडोचा रेडिओ सिग्नल शत्रूला जॅम करता येऊ नये म्हणून तो सतत फ्रिक्वेन्सी बदलत राहील, अशी ती युक्ती. नौदलाने कागद बासनात गुंडाळून ठेवले. आज ब्लूटूथमध्ये फ्रिक्वेन्सी हॉपिंग आहे, आणि बाईंची ओळख अजून 'सुंदर नटी, आणि बघा, हुशारसुद्धा!' अशीच करून देतात.

बढतीची घाई नको. आयटीयू, म्हणजे टेलिकॉमची आंतरराष्ट्रीय संघटना, तिची स्थापना १८६५ ची. डोरीन बॉगडन-मार्टिन या पहिल्या महिला महासचिव निवडून आल्या २०२२ मध्ये. तुमचं कुठे काय अडलंय?

आता मुख्य सल्ला. फील्डवर जायचा हट्ट धरू नका. ऑफिसात तुमची काळजी करणारी माणसं आहेत, त्यांचं मन मोडू नका. माझंच बघा. एका साइटच्या, म्हणजे मोबाइल टॉवरच्या, आसपास कॉल तुटत होते, हँडओव्हर (चालू कॉल एका सेलकडून दुसऱ्याकडे सोपवणं) फसत होते. ड्राइव्ह टेस्टचा, म्हणजे गाडीतून फिरून घेतलेल्या सिग्नलच्या मोजणीचा, लॉग मी उघडला. टॉवरच्या उत्तर दिशेच्या सेक्टरचा पीसीआय, म्हणजे ओळख क्रमांक, दक्षिणेच्या रस्त्यावर, दक्षिणेचा उत्तरेला. धडधडीत सेक्टर स्वॅप, सेक्टरांची अदलाबदल. वर कुणीतरी अँटेनाच्या जंपर केबल उलट्या जोडल्या होत्या. मी म्हटलं, मी जाते. साहेब म्हणाले, "अगं, ऊन केवढं आहे! यायला रात्र होईल. काही झालं तर तुझ्या घरच्यांना मी काय सांगू?" मग ज्या मुलाला पीसीआय कशाशी खातात हे मी शिकवलं, तो माझ्या लॉगचं प्रिंटआउट घेऊन गेला. टॉवरवर चढणाऱ्या रिगरने केबली बदलल्या, कॉल ड्रॉप खाली आला, शाबासकीचा मेल निघाला. त्याच्या नावाने. मी सीसीत. त्यानंतर आली अप्रेझलची वेळ, आणि काय आश्चर्य, माझा फील्डचा अनुभव कमी भरला!

कमी कसा भरणार नाही? तुम्हीच जाऊ दिलं नाहीत ना, साहेब?

एनओसीत, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवायच्या कक्षात, रात्रपाळीला मी एकटी अलार्म बघत बसते, तेव्हा रात्र होत नाही का? त्या मुलाला ऊन लागत नाही? टॉवरवर चढायचा हार्नेस एकाच मापाचा, तो माझ्या खांद्यावरून घसरतो. दुसरा मागितला की बजेट नाही. साइटवर स्वच्छतागृह नाही म्हणून बायकांनीच जायचं नाही, हा कुठला उपाय? आणि पुरुष काय करतात, हे कधी विचारलंत का त्यांना?

एवढीच काळजी असेल तर उंचीवरच्या कामाच्या ट्रेनिंगला माझं नाव घाला. मापाचा हार्नेस मागवा. उशीर होणार असेल तर परतीची गाडी सगळ्यांसाठी ठेवा, त्या पोराच्याही घरी कुणीतरी वाट बघत असतं. यातलं काही करायचं नसेल तर मला काळजीचं सोंग दाखवू नका. बाईला साइटवर पाठवायची तुमची इच्छा नाही, असं सरळ म्हणा. आणि तेही लेखी द्या.