डिफॉल्टर

गणपतीच्या निमंत्रणांसाठी 140 पत्त्यांचे स्टिकर छापायचे होते आणि त्याला 7 पाने पुरली असती. परवा प्रिंटरमधून 70 निघाली. स्टिकर छापणारी पायथन स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिणारा केव्हाच इंदूर सोडून गेला आहे. ती चालवण्यापूर्वी मी, सहसा कोणी घेत नाही ते कष्ट घेऊन, तिची हेल्प, म्हणजे तिच्या पर्यायांची यादी, वाचली होती. तीत 'कॉपीज' हा पर्याय होता आणि त्याच्यापुढे कोरी जागा होती. काही न सांगितल्यास एकच प्रत निघेल, असे मी धरले. स्क्रिप्टने दहा धरल्या होत्या.

मंडळाचे खजिनदार काका बँकेतून निवृत्त झालेले आहेत. पाने मोजून त्यांनी विचारले, "दहा प्रती कोणी सांगितल्या?"

"कोणीच नाही, काका. ते डिफॉल्ट आहे."

उभी हयात कर्जवसुलीत घालवलेल्या माणसापुढे हा शब्द उच्चारायला नको होता. काकांनी चष्मा काढला. "कोणी केला डिफॉल्ट?"

कोणी बुडवलेले नाही, आपण गप्प राहिलो तर यंत्र जे गृहीत धरते त्याला डिफॉल्ट म्हणतात, हे मी राजवाड्याजवळच्या पोह्यांचा दाखला देऊन समजावले: सेव आणि जीरावन मसाला जसे न मागता पडते, तसे.

"पडते, पण डोळ्यांदेखत पडते," काका म्हणाले. "नको असेल तर हात आडवा करता येतो."

मला याचा राग आला, कारण यावर उत्तर नव्हते. स्क्रिप्टचे पर्याय वाचणारे आणि हेल्प तयार करणारे आर्गपार्स 2010 पासून पायथनच्या सोबतच येते आणि त्यात हेल्पमध्ये डिफॉल्ट दाखवण्यासाठीच 'आर्ग्युमेंटडिफॉल्ट्सहेल्पफॉर्मॅटर' आहे. नाव लांबलचक असले तरी काम एका ओळीचे, आणि तेवढी ओळही त्या गृहस्थाला जड झाली होती. मी ती काकांसमोरच घातली. हेल्पमध्ये फाँट, समास, सगळ्यांपुढे डिफॉल्ट उमटले. आउटपुटपुढे 'डिफॉल्ट: नन', म्हणजे काहीच नाही, असे आले, तेव्हा काका म्हणाले, "चला, एकाचे तरी खाते स्वच्छ आहे."

कॉपीजपुढे मात्र कोरेच. ज्या पर्यायाला मदतीचा मजकूरच दिलेला नाही, त्याच्यापुढे हा फॉर्मॅटर काहीही जोडत नाही. म्हणजे ज्याने काहीच सांगितलेले नाही, त्याला पुढेही गप्प बसण्याची मुभा. 'प्रतींची संख्या' एवढे दोन शब्द मी टाकले, तेव्हा कुठे दहाचा आकडा दिसला.

तोवर काकांनी वहीत '63 स्टिकर पाने, डिफॉल्ट' अशी नोंद करून तिच्यापुढे माझे नाव घातले होते, आणि ते खोडायला ते अजून तयार नाहीत.