नायसियात देव ‘निवडून’ आला नव्हता

नाताळ जवळ आला की एक फॉरवर्ड फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: येशू साधा उपदेशक होता, तीनशे वर्षं त्याला कोणी देव मानत नव्हतं, ३२५ साली कॉन्स्टन्टाईन बादशहाने नायसियाच्या (आजच्या तुर्कीतल्या) बिशपांच्या परिषदेत मतदान घेऊन त्याला देव केलं आणि बायबलची पुस्तकंही तिथेच ठरवली, येशू मात्र स्वतःला माणूसच समजत होता. ख्रिस्ती श्रद्धा पटो न पटो, इतिहास म्हणून हे टिकत नाही.

‘तीनशे वर्षं कोणी देव मानत नव्हतं.’ इ.स. ११२च्या सुमारास बिथिनिया (आजच्या तुर्कीतला प्रांत) इथला रोमन सुभेदार धाकटा प्लिनी सम्राट ट्राजनला कळवतो, की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात आणि ख्रिस्ताला, जणू तो देवच, स्तोत्र गातात. लिहिणारा भक्त नव्हे, त्यांना शिक्षा ठोठावणारा अधिकारी. इस्राएलमध्ये मगिद्दोला तुरुंगाच्या आवारात २००५ साली तिसऱ्या शतकातली फरशी सापडली. तिच्यावर अकेप्तुस नावाच्या बाईने ‘देव येशू ख्रिस्त’ याला मेज अर्पण केल्याची नोंद आहे. प्रेषित पौलाचं, बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र तर येशूला क्रूसावर दिल्यानंतरच्या तीसेक वर्षांतलं, आणि त्यातही येशू मुळात देवाच्या स्वरूपाचा आहे.

‘मतदान घेऊन देव केलं.’ वाद उभा केला तो अलेक्झांड्रियाच्या एरियस या धर्मगुरूने. तोही येशूला नुसता माणूस म्हणत नव्हता. पुत्र, म्हणजे येशू, सगळ्या सृष्टीच्या आधीचा, पण निर्माण केलेला, एवढंच त्याचं म्हणणं. म्हणजे ‘देव की माणूस’ हा प्रश्न तिथे नव्हताच. पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा की निर्मितीतला पहिला, हा होता. चुरस म्हणाल तर सुमारे तीनशे बिशपांपैकी ‘पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा’ म्हणणाऱ्या मतांगीकारावर (श्रद्धेच्या जाहीर कबुलीवर) शेवटपर्यंत सही न करणारे दोघे, दोन्ही लिबियाचे.

बादशहाने परिषद बोलावली, दबावही आणला, हे खरं. पण पुढे त्यानेच एरियसला परत बोलावलं आणि नायसियाचा कडवा पुरस्कर्ता अथनेशियस याला ३३५ साली ट्रीरला (आजच्या जर्मनीत) हद्दपार केलं. ३३७ साली मरणाच्या दारात बादशहाने बाप्तिस्मा घेतला तोही एरियसच्या पाठीराख्या बिशपाकडून! राजाच्याच शब्दावर सगळं ठरलं असतं, तर नायसियाचा मतांगीकार आज कोणी म्हटला नसता.

बायबलचं म्हणाल तर नायसियाने २० नियम केले, त्यांत पुस्तकांची यादी नाही. नव्या कराराची (बायबलच्या ख्रिस्ती भागाची) आजची नेमकी २७ पुस्तकं सांगणारी, हाती असलेली पहिली यादी अथनेशियसच्या ३६७ सालच्या पत्रातली.

आता ‘माणूसच होता’. यात गौप्यस्फोट कसला? मंडळीला (ख्रिस्ती चर्चला) सुरुवातीला झगडावं लागलं ते उलट्या मताशी: येशूचा देह नुसता भास होता, असं म्हणणाऱ्यांशी. योहानाच्या पहिल्या पत्रात त्यांच्याविरुद्ध इशारा आहे. आपल्याकडे समजावताना ‘अवतार’ हा शब्द चटकन तोंडी येतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, देवाने माणसाचा वेश घेतला. नेमकं हेच मंडळीने नाकारलं. मराठी बायबलमध्ये ‘शब्द देही झाला’ असं आहे, ‘शब्द’ म्हणजे येशू. वेश उतरवता येतो, देही झालेल्याला भूक लागते. मार्कच्या शुभवर्तमानात वादळात नाव पाण्याने भरतेय आणि हा मागच्या बाजूला उशीवर डोकं टेकून गाढ झोपलाय, दिवसभर शिकवून दमलेला. शिष्य हलवून उठवतात, तो वाऱ्याला दटावतो आणि वारा पडतो. झोपलेला एक आणि दटावणारा दुसरा, असं ख्रिस्ती माणूस म्हणत नाही. ४५१ साली कॅल्सेडनच्या परिषदेत हेच शब्दांत बसवलं: एकच व्यक्ती, दोन स्वभाव, मिसळलेले नाहीत, तुटलेलेही नाहीत.

फॉरवर्डच्या शेवटी मार्क १३:३२ असतं: तो (शेवटचा) दिवस पुत्रालाही ठाऊक नाही. वचन खरं आहे, आणि एरियसच्या बाजूचं हुकमी पान तेच होतं. हेच वचन मत्तयाच्या शुभवर्तमानातही आहे, पण त्याच्या बऱ्याच हस्तलिखितांत ‘पुत्रालाही’ हे शब्द दिसत नाहीत, इतके ते नकलाकारांना अवघड गेले असावेत. बादशहाच्या हुकमाने देव ‘बनवणाऱ्यांनी’ आधी हेच वचन खोडलं नसतं का? मार्कमध्ये ते आजही आहे, आणि चर्चमध्ये मोठ्याने वाचलं जातं.