थंड पाण्यात रंग सुटला म्हणजे चहा बनावट? तसं नाही

सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ग्लासभर थंड पाण्यात चमचाभर चहापूड टाका, रंग सुटला की पूड भेसळीची. हे चुकीचं आहे.

खरा चहाही थंड पाण्यात रंग सोडतो. परदेशात आणि आता आपल्याकडेही मिळणारा ‘कोल्ड ब्रू’ चहा तसाच होतो: पत्ती थंड पाण्यात रात्रभर ठेवायची, बस्स. आपल्या घरची पूड बहुधा सीटीसी पद्धतीची असते. १९३० च्या सुमारास आसामात सुरू झालेल्या या पद्धतीत पानं दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून, गोल दाणे करतात. पानाच्या पेशी फुटलेल्या असल्याने रंग पटकन उतरतो. डस्टचा, म्हणजे अगदी बारीक भुकटी चहाचा, तर आणखी लवकर. दार्जिलिंगची अख्खी पत्ती निवांत रंगते. म्हणजे या प्रयोगात भेसळ नव्हे, दाण्याचा आकार कळतो!

भेसळीची भीती मात्र खोटी नाही. वापरलेली पूड वाळवून, रंगवून विकल्याची प्रकरणं खरंच पकडली गेली आहेत. त्यासाठी एफएसएसएआयने (देशातली अन्नसुरक्षा पाहणारी केंद्रीय संस्था) सुचवलेली घरगुती चाचणी वेगळी आहे: गाळणकागदावर पूड पसरा, पाणी शिंपडून कागद ओला करा, मग पूड काढून कागद नळाखाली धुवा आणि उजेडासमोर धरा. डाग राहिले तर कृत्रिम रंगाचा संशय. पक्का निकाल प्रयोगशाळेतच लागतो. शंका असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.

ग्लासवाला मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.