ते यंत्र ऊन मोजते, काकू

परवा भर दुपारी काकूकडे गेलो तर टिनाच्या खोलीची दारंखिडक्या बंद, फटींत चिंध्या कोंबलेल्या, आणि आत ती घामानं निथळत बसलेली. "काय करू बापा, भायेर किरनं हायेत म्हनते." मोबाइलवर तोच मेसेज, जो सध्या आमच्या पंचक्रोशीत फिरतो आहे: शिवेवरच्या सौर प्लांटवरचं काचेच्या घुमटाचं यंत्र अणुस्फोटाची उष्णता मोजायचं आहे, त्याची चाचणी चालू आहे, यंदाचं ऊन त्यामुळेच. चक्कर-उलटी झाली तर ती किरणांची, दवाखान्यात इलाज नाही. दारं लावून बसा, पांढरं घाला.

आधी दारांचं, कारण त्यानं माणूस मरेल. अमेरिकी सरकारनं १९७७ साली छापलेलं 'द इफेक्ट्स ऑफ न्यूक्लिअर वेपन्स' काढून बघा. हवेतल्या अणुस्फोटाची साधारण ३५ टक्के ऊर्जा उष्णतेच्या रूपात निघते, पण ती उजेडासारखी सरळ रेषेत येते, काही सेकंदांत संपते आणि साध्या भिंतीनंही अडते. फटीतून दिवसेंदिवस झिरपत नाही. उलट मे महिन्यात बंद टिनाखाली बसलात तर उष्माघात ठरलेला. आणि त्यावर इलाज आहे: सावली, ओल्या फडक्यानं अंग गार करणं, लगेच दवाखाना. काकूला ओढत ओसरीवर आणलं, ओला दुपट्टा गुंडाळला, तेव्हा कुठे ती नीट बोलायला लागली.

यंत्राचं नाव पायरॅनोमीटर. घुमटाखालची काळी पट्टी तापली की बारीकसा विद्युतदाब तयार होतो, त्यावरून ऊन किती पडलं ते कळतं. अर्धं खरं एवढंच, की १९५० च्या दशकात नेवाडाच्या वाळवंटात स्फोटाची उष्णता मोजायला जी यंत्रं मांडली, त्यांतही काळी केलेली तांब्याची चकती आणि थर्मोकपल, म्हणजे तापली की बारीकसा विद्युतदाब देणारी दोन धातूंच्या तारांची जोडी, होतं. पण आपलं कडक ऊन चौरस सेंटिमीटरला मिनिटाला दीडेक कॅलरी देतं. कातडी खोलवर भाजणारा स्फोट ८-१० कॅलरी काही सेकंदांत ओततो. तसली यंत्रं स्फोटाशिवाय तपासायची तर आरशांनी ऊन एकवटणाऱ्या सौर भट्टीसारखं काहीतरी लागतं. आमच्या प्लांटवर आरसा न्हाव्याकडे असतो तेवढाही नाही.

स्फोटाचा लखलखाट टिपणाऱ्या एका यंत्राचं नाव मात्र खरोखर 'भांगमीटर' आहे. फ्रेडरिक राइन्स या अमेरिकी शास्त्रज्ञानं ते आपल्या भांगेवरूनच ठेवलं. मेसेज लिहिणाऱ्यानं त्यातलं मीटर सोडून उरलेलं घेतलेलं दिसतं.

भारताची शेवटची अणुचाचणी मे १९९८ ची, पोखरणला, तीही जमिनीखाली.

पांढऱ्या कपड्याचं बरोबर आहे, मान्य. हिरोशिमात किमोनोवरच्या गडद नक्षीखालची कातडी जास्त भाजली होती. पण पांढरं धोतर-बंडी घालून आमचा आजा उन्हात वखर हाणायचा, त्याला कोणी मेसेज पाठवला नव्हता.