लोक येतात म्हणून घरं महागली? प्रतिक्रियेला उत्तर, जरा लांबलंय

नमस्कार,

मुंबईच्या गिरणगावावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, उत्तराला आठवडा लागला, सॉरी. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की बाहेरून लोंढे येतात म्हणून झोपडपट्ट्या वाढतात नि घरं महागतात, येणारे थांबवले की भाव आपसूक खाली येतील, मी उगाच चाळींचं कौतुक करत बसलोय आणि गिरणी कामगार 'आपले' होते, हे आत्ताचे वेगळे.

आधी माझी चूक. चाळी गिरणीमालकांनी बांधल्या असं मी सरसकट ठोकून दिलं होतं, ते तुम्ही बरोबर पकडलंत. गिरण्यांनी बांधल्या त्या थोड्या, बाकी बहुतेक खाजगी मालकांच्या, भाडं खायला बांधलेल्या.

कौतुकाचं म्हणाल तर माझे आजोबा संगमेश्वरकडून आले नि डिलाईल रोडला गावकऱ्यांच्या खोलीत राहिले. वीस-पंचवीस बाप्ये, प्रत्येकाची एक ट्रंक आणि भिंतीवर एक खिळा, त्या खिळ्यावरून भांडणं व्हायची म्हणे. पहिल्या पाळीचा उठून गेला की रातपाळीवरून आलेला त्याच जागेवर आडवा. जेवण खाणावळवालीकडे, पैसे पगाराला. आजी जन्मभर गावी. यात कौतुक कसलं करणार? पण गिरणीला फक्त हात हवे होते हो, त्या हातांमागचं घर नको होतं. बायकापोरांचं पोट, आजारपण, म्हातारपण सगळं कोकणातल्या वरकस, म्हणजे हलक्या डोंगरउताराच्या जमिनीच्या माथ्यावर, आणि संप झाला की कामगारसुद्धा तिकडेच. मजुरी इतकी कमी ठेवणं परवडायचं ते यामुळेच.

आणि 'आपले' म्हणाल तर 1921 च्या जनगणनेत मुंबईत राहणाऱ्या शंभरातले ऐंशीच्या वर मुंबईबाहेर जन्मलेले होते. त्यातला मूळ मुंबईकर कोण, ते तुम्हीच ठरवा.

आता भावाचा मुद्दा. 2001 ते 2011 या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाबा ते माहीम-सायनपर्यंतची लोकसंख्या 33 लाखांवरून 31 लाखांच्या खाली आली. घटली! तुमच्या हिशोबाने परळ-लोअर परळला घरं स्वस्त व्हायला हवी होती, नाही का? त्याच दहा वर्षांत तिथे टॉवर उभे राहिले आणि भाव कुठे गेले ते तुम्हालाही माहितीय. माणसं गेली कुठे म्हणाल तर त्याच काळात ठाणे जिल्हा 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर गेला, कल्याण-डोंबिवली, वसई-विरार, बदलापूर, रोज दीड-दोन तास लोकलला लटकून.

मग भाव का चढले? एकच कारण नाहीये. 1947 च्या कायद्याने जुनी भाडी 1940 च्या पातळीला गोठवली, तेव्हा राहणाऱ्यांना तो आधार होता पण पुढे भाड्याने द्यायला नवं घर बांधायला कोण येतंय, आणि जुन्या मालकांनी डागडुजी सोडून दिली, पागडी, म्हणजे खोली ताब्यात घेताना एकरकमी मोजायचे पैसे, सुरू झाली. गिरण्यांच्या जमिनीचं तर विचारूच नका. 1982 च्या संपानंतर गिरण्या बसल्या, 1991 च्या नियमात त्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा म्हाडाला म्हणजे घरांना होता, 2001 मध्ये नियम असा फिरवला की हा वाटा फक्त मोकळ्या जागेतून द्यायचा, आणि गिरणीत शेड्सच शेड्स, मोकळी जागा असून असून किती असणार! वर केंद्राच्याच 2017-18 च्या आर्थिक पाहणीत मुंबईत पावणेपाच लाखांच्या आसपास घरं बंद पडून असल्याचं दिलंय. कुलूप लावलेल्या त्या फ्लॅटांत कुठला भय्या किंवा बिहारी राहतोय?

पाणी, कचरा, लोकल यांवर ताण येतो हे मात्र शंभर टक्के मान्य, मी नाकारलंच नव्हतं. पण ज्याच्यामुळे माणूस येतो त्याने त्याच्या राहण्याचा खर्च उचलायचा की नाही? बांधकाम मजुरांसाठी 1996 चा कायदा झाला, काम चालू असेपर्यंत साईटवर किंवा जवळपास राहायची सोय फुकट द्यायची असं त्यात स्पष्ट होतं. काही ठिकाणी पत्र्याची शेड उभी राहते, टॉवर पुरा झाला की ती उठते, मग तो माणूस जाईल कुठे? नाल्याकाठी. आणि आपण म्हणणार बघा झोपडपट्टी वाढली.

लांब कशाला, आमच्या घरातलंच सांगतो. चाकणजवळ मामाचं शेत होतं, एमआयडीसी आल्यावर उरलेल्या गुंठ्यांवर त्याने बारा खोल्या काढल्या. दहा बाय दहा, वर पत्रा, सबमीटर, दोन संडास. भाडं खोलीवर नाही, माणशी. एका खोलीत सहा पोरं, कुणी बिहारचं, कुणी नांदेडचं, दोन ओडिशाची, तीन फर्स्टला तीन नाईटला, त्यामुळे गाद्या तीनच. एका एक्स्टेंशन बोर्डावर सहा चार्जर. मी ते बघितलं आणि आजोबांचा खिळा आठवला.

मामा ओट्यावर बसून तुमच्यासारखंच बोलतो, या लोकांनी गावाची वाट लावली म्हणून. त्याच भाड्यावर त्याची फॉर्च्युनर आणि मुलीचं लग्न झालंय. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये सगळी पोरं निघून गेली, काही चालत, बाराच्या बारा खोल्यांना कुलूप. तुमच्या म्हणण्याप्रमाणे गाव एकदाचं मोकळं झालं. जूनमध्ये मी गेलो तेव्हा मामा अंगणात खुर्ची टाकून, चष्मा वर करून एकेक नंबर लावत होता, आणि ज्या हिंदीला एरवी नावं ठेवतो त्याच हिंदीत विचारत होता, "कब आ रहे हो बेटा? रूम खाली रखा है तुम्हारे लिए."