पाच सोडवा की दहा, पण आधी सांगा

इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी देशभर होणाऱ्या जेईई मेन परीक्षेतले ऐच्छिक प्रश्न ('दहातले कोणतेही पाच सोडवा') २०२५ पासून बंद झाले आणि आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सरळ दोन तट पडले. एक म्हणतो पोरांवर अन्याय झाला, दुसरा म्हणतो बरं झालं, लाड बंद झाले. अजूनही कुणी ग्रुपवर एखादी नोटीस टाकली की दोघं परत सुरू होतात. मी राधानगरीकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. मला दोघांचंही पटत नाही. पेपर कसा असावा हे ठरवायचा परीक्षा घेणाऱ्यांना अधिकार आहे, खुशाल ठरवावं. पण ते पोरांना कधी सांगितलं जातं, यावर माझं भांडण आहे.

आधी काय काय बदललं ते बघू, कारण ग्रुपवरचा निम्मा वाद ऐकीव माहितीवर चाललाय. २०१९ ला परीक्षा एनटीएकडे, म्हणजे केंद्राच्या नॅशनल टेस्टिंग एजन्सीकडे आली आणि वर्षातून दोनदा व्हायला लागली. तेव्हा विषयाला ३० प्रश्न, एकूण ९०, गुण ३६०. पुढच्याच वर्षी विषयाला २५ प्रश्न आणि गुण ३०० झाले. त्यात पाच प्रश्न पर्याय नसलेले, उत्तर आकड्यात भरायचं. २०२१ ला कोरोनामुळं त्या पाचाचे दहा केले, 'कोणतेही पाच सोडवा' म्हणून. आकडी प्रश्न चुकला तरी गुण कापत नव्हते, ते २०२२ पासून कापायला लागले. आणि २०२५ ला दहाचे परत पाच, सगळे सक्तीचे. एकूण प्रश्न ७५, वेळ तेवढाच, तीन तास.

आता ऐच्छिक प्रश्न गेले याचं मला फारसं दुःख नाही. ती सवलत दिसायला गोड होती. दहा प्रश्न समोर आले की पोरगं दहाही वाचणार, त्यातले सोपे कुठले ते ठरवणार, मग पाच सोडवणार. यात जाणारा वेळ कोण मोजतं? कोल्हापुरात राजारामपुरीतल्या क्लासला जाणाऱ्या पोराकडून हे निवडणं घोटून घेतलेलं असतं, दर रविवारी टेस्ट असते. आमचं पोरगं पहिल्या अवघड गणितालाच चिकटून बसतं, सुटेपर्यंत उठत नाही. शिवाय त्या सवलतीमुळं अख्खा धडा ऑप्शनला टाकायची खोड लागली होती. रोटेशनल मोशन म्हटलं की वर्गातली निम्मी पोरं, 'सर, तो ऑप्शनला टाकलाय.' आता टाकून दाखवा म्हणावं!

मग तक्रार कशाची? तर २०२५ चं पहिलं सत्र २२ जानेवारीला सुरू झालं आणि ऐच्छिक प्रश्न बंद झाल्याची नोटीस आली २०२४ च्या ऑक्टोबरात. तीन महिने आधी. त्या बॅचनं अकरावीत पाऊल टाकलं २०२३ ला. दीड वर्ष ती पोरं एका पेपरची तयारी करत होती आणि दिवाळीच्या तोंडावर कळलं की पेपर वेगळा आहे.

कोरोनाची सवलत होती, ती कधीतरी जाणारच होती, असं म्हणणारे आहेत. मान्य. पण चार वर्षं जी गोष्ट चालू राहते तिला पोरं सवलत समजत नाहीत, नियम समजतात.

याचा चटका कुणाला बसतो ते मी वर्गात बघतो. मोठ्या क्लासच्या टेस्ट सिरीज आठवड्यात बदलतात, नवा सॉफ्टवेअर अपडेट आल्यासारख्या. आमच्याकडं आदल्या बॅचच्या पोरांकडून आलेली पुस्तकं फिरतात. कव्हर निघालेलं, आत तीन जणांच्या अक्षरातली रफ गणितं. त्या वर्षी आमच्या एका मुलीनं काय केलं, तर असल्या एका जुन्या पुस्तकातल्या प्रत्येक पेपरवरची 'कोणतेही पाच' ही ओळ पेनानं खोडली, शेवटचे पाच प्रश्न काट मारून टाकले आणि बाकी पेपर घड्याळ लावून सोडवले. मी विचारलं, शेवटचेच पाच का? म्हणाली, 'सर, मला कुठले येतात ते बघून काट मारली तर तो ऑप्शनच झाला की.' हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

बरं, ही एकदाच झालेली गोष्ट असती तर मी एवढं लिहिलं नसतं. त्याच्या आदल्या वर्षी अभ्यासक्रमच कापला. सरफेस केमिस्ट्री, पॉलिमर्स, एस-ब्लॉक, हायड्रोजन, सगळं गेलं. कळलं कधी? २०२३ च्या नोव्हेंबरात, फॉर्म सुटले तेव्हा. परीक्षा जानेवारीत. आमच्या केमिस्ट्रीच्या मॅडमनी तोवर पोरांकडून पॉलिमर्सचे तक्ते पाठ करून घेतले होते. आणि मेननंतरच्या, आयआयटीच्या प्रवेशासाठीच्या जेईई अॅडव्हान्स्डचा तर कहरच. २०२४ च्या ५ नोव्हेंबरला जाहीर झालं की आता तीनदा बसता येईल. १८ नोव्हेंबरला परत फिरवलं, दोनदाच. मधल्या दिवसांत ज्यांनी या भरवशावर चालू कॉलेज सोडलं, त्यांना न्यायासाठी थेट सुप्रीम कोर्टात जावं लागलं. जानेवारीत कोर्टानं तेवढ्या पोरांना मुभा दिली. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांनी हे करायचं, का?

आपल्या राज्यानंही कमी गंमत केलेली नाही. २०१४ आणि २०१५ ला इंजिनिअरिंगचे प्रवेश जेईई मेन आणि बारावीच्या गुणांवर दिले आणि २०१६ ला परत सीईटी, म्हणजे राज्याची स्वतःची प्रवेश परीक्षा, आणली. त्या दोन बॅचची पोरं आता नोकरीला लागली, तरी भेटली की त्याच विषयावर येतात.

आता एक गोष्ट मोकळेपणानं कबूल करायला हवी. एकापेक्षा जास्त सत्रं ही एनटीएनं केलेली सगळ्यात चांगली गोष्ट, आणि हे कोल्हापूरकरांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. २०२१ च्या जुलैत (त्या वर्षी सत्रं दोनापेक्षा जास्त होती) तिसरं सत्र चालू होतं आणि पंचगंगेला महापूर. महामार्ग शिरोलीला बंद, आमच्याकडचे रस्ते पाण्याखाली. २५ आणि २७ जुलैचे पेपर होते. तेव्हा केंद्रीय शिक्षणमंत्र्यांनी कोल्हापूर, सांगली, सातारा आणि कोकणातल्या पोरांना घाबरू नका, केंद्रावर पोहोचता आलं नाही तर पुन्हा संधी देऊ असं जाहीर केलं आणि ऑगस्टच्या सुरुवातीला ती परीक्षा झालीसुद्धा. जुन्या पद्धतीत एकच तारीख असायची. त्या दिवशी पूर आला असता तर वर्ष गेलं असतं.

पण जास्त सत्रं, जास्त शिफ्ट म्हटलं की प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा, म्हणून नुसत्या गुणांऐवजी पर्सेंटाइल आलं, म्हणजे शंभरातली किती पोरं आपल्या मागं आहेत तो आकडा, आणि ते पालकांपर्यंत पोहोचवायचं काम कुणीच केलेलं नाही. दर फेब्रुवारीत कुणीतरी डेअरीवरनं थेट माझ्या घरी येतो. 'सर, पोराला नव्वद पडल्यात. मग एनआयटी का न्हाई म्हणत्यात?' त्यांना समोर बसवून सांगावं लागतं की दादा, हे शंभरातले नव्वद गुण नव्हेत. बारा लाख पोरं बसली असतील तर नव्वद पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या पोराच्या पुढं अजून एक लाख वीस हजार पोरं आहेत. माणूस गप्प होतो. मग विचारतो, 'मग त्यात पॉइंटाम्होरं सात आकडं कशाला दिल्यात?' त्याचं उत्तर, एकाच क्रमांकावर हजारो पोरं अडकू नयेत म्हणून. हे मी चहा संपेपर्यंत सांगतो, पण निकालाच्या कागदावर मराठीत चार ओळींत लिहिलं असतं तर?

मराठीतला पेपर २०२१ पासून मिळतो, चांगलं आहे. पण दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं पोरगं अकरावी सायन्सला इंग्रजी पुस्तक घेऊन बसतं. दोन वर्षं इंग्रजीत शिकून मराठी पेपर कोण मागणार? आमच्या कॉलेजात तरी अजून कुणी मागितलेला नाही.

आणि आमची बहुतेक पोरं एकावेळी दोन परीक्षांची तयारी करतात. सीईटीला १५० प्रश्न, तीन तास, चुकलं तर गुण जात नाहीत, म्हणून एकही रिकामा सोडायचा नाही. जेईईला ७५ प्रश्न, तेवढाच वेळ, चुकलं की एक गुण वजा, म्हणून नक्की नसेल तर हात लावायचा नाही. जानेवारीत एक सवय, एप्रिलमध्ये बरोबर उलटी. सांगलीचं वालचंद किंवा पुण्याचं सीओईपी डोळ्यासमोर असलेल्या पोराला सीईटीच महत्त्वाची, तरी जेईई देतातच, कारण राज्यातल्या कॉलेजांत अखिल भारतीय कोट्याच्या काही जागा तिच्यावर भरतात. अशा पोरांच्या पुढ्यात ऐन वेळी तिसरा नियम टाकू नका, एवढंच म्हणणं.

हे अशक्य आहे असं कुणी सांगू नये. आपल्या बोर्डानं २०१९ ला अकरावीची पुस्तकं बदलली आणि बारावीची २०२० ला. म्हणजे जी बॅच नवीन अकरावी शिकली तीच नवीन बारावीत गेली, मधल्या कुणाला त्रास नाही. पुस्तकात काय आहे यावर आम्ही शिक्षक हवं तेवढं भांडलो, पण कधी बदलणार यावर भांडायची वेळ आली नाही. एनटीएनं हेच करावं. जूनमध्ये जी पोरं अकरावीत येतील त्यांच्या हातात त्यांच्या पेपरचा आराखडा द्यावा: प्रश्न किती, गुण कसे, अभ्यासक्रम कोणता, किती वेळा बसता येईल. आणि ती बॅच परीक्षा देऊन बाहेर पडेपर्यंत त्याला हात लावू नये. पूर, साथ असलं काही आलं तर सूट द्या, पण ती सूट कोणत्या वर्षी संपणार तेही त्याच कागदावर लिहा.

ज्यांची पोरं यंदा अकरावीत आहेत त्यांनी जुनं टेस्ट सिरीजचं पुस्तक घेताना आधी कुठल्या वर्षाचं आहे ते बघावं. २०२१ ते २०२४ मधलं असेल तर गणितं वापरा, पेपरची रचना नको. आणि ग्रुपवर फिरणाऱ्या पीडीएफवर विश्वास ठेवू नका, एनटीएच्या साइटवर जाऊन नोटीस स्वतः वाचा. इंग्रजी अडलं तर मला मेसेज करा, संध्याकाळी सातनंतर.