मुलांचं फॅटी लिव्हर आणि तो डिटॉक्स ज्यूसचा मेसेज
सध्या एक मेसेज फिरतोय की जाड मुलांचं फॅटी लिव्हर म्हणजे काही विशेष नाही, उंची वाढली की आपोआप जातं, आणि तोपर्यंत रोज सकाळी उपाशीपोटी डिटॉक्स ज्यूस द्या म्हणजे लिव्हर साफ होतं. प्लीज पुढे पाठवू नका, दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

लिव्हरमधली चरबी ज्यूसने धुतली जात नाही. उलट फळांचा रस गाळला की फायबर जातं, साखर राहते, आणि जास्तीच्या फ्रुक्टोजची (फळांतल्या साखरेची) चरबी बनते ती लिव्हरमध्येच, म्हणजे औषध समजून नेमकं तेच पोटात जातंय. 2019 साली एक अभ्यास आला होता, फॅटी लिव्हर असलेल्या 11 ते 16 वयाच्या 40 मुलग्यांवर. ज्यांच्या घरात 8 आठवडे वरची साखर जवळजवळ बंद केली (अख्ख्या घराचीच, एकट्या मुलाची नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं) त्यांच्या लिव्हरमधली चरबी सरासरी 25 टक्क्यांवरून 17 वर आली.

आणि आपोआप जाईल म्हणून थांबू तर अजिबात नका, काही मुलांमध्ये लिव्हरला सूज येऊन पुढे फायब्रोसिस होतो, म्हणजे लिव्हरवर कडक व्रण तयार होतात, आणि मूल मात्र काहीच तक्रार करत नाही, दुखतही नाही. म्हणून वजन जास्त असेल तर 9 ते 11 व्या वर्षी डॉक्टरांना विचारून एएलटी ही लिव्हरची साधी रक्ततपासणी करून घ्या. गोड पेयं बंद, रोज तासभर दमवणारा खेळ, आणि उपाशी ठेवणं किंवा क्रॅश डाएट नको, वाढीचं वय आहे.